गायरान, कोल्हा आणि आपण

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला 'कोल्हेकुई' हा शब्द आला. सरांनी पुस्तक बाजूला ठेवून विचारले, "प्रत्यक्ष कोल्हेकुई किती जणांनी ऐकली आहे?" साठ-सत्तर मुलामुलींच्या वर्गात चार हात वर झाले. त्यांतला एक हात माझा होता. आणि खरे सांगायचे तर, शेवटची कोल्हेकुई कधी ऐकली हे मलाही आठवावे लागले. मी तेव्हा चौथीत असेन. थंडीचे दिवस होते, अंगणात शेकोटी पेटली होती, आणि गायरानाच्या अंगाने एकाएकी तो आवाज उठला होता. आबा म्हणाले होते, "ऐकी ले बाई, परत ऐकाले भेटाव नही." त्या वेळी मी हसले होते.

आपली भाषा कोल्ह्याने भरलेली आहे. कोल्हा काकडीला राजी असतो, कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागतात, धूर्त माणसाला आपण कोल्हा म्हणतो. परंतु ज्या प्राण्याच्या नावावर आपण इतके शहाणपण सांगतो, तो राहतो कुठे, खातो काय आणि आज गेला कुठे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मला तो पडला, याचे कारण आमच्या गावातील एक ग्रामसभा. त्या सभेत निघालेल्या एका प्रश्नाविषयी मला या लेखात बोलायचे आहे. गावे आणि शहरे वाढत असताना शिकारीसाठी गावाची सामाईक जमीन द्यावी काय, असा तो प्रश्न आहे.

आमचे गाव बोरी नदीच्या काठाला, अमळनेर शहरापासून सहा किलोमीटरांवर आहे. गावाच्या उगवतीला गायरान. सातबाऱ्यावर ते अठ्ठेचाळीस एकर आहे असे म्हणतात. डोळ्यांना मात्र आता वीस-बावीस एकरच दिसते. बोरी, हिवर, तरवड, मध्येच एखादा पळस आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर कुसळी गवत. मधोमध एक जुना निंब आहे. आखाजीला माहेरवाशिणी त्याच निंबाला झोके बांधत असत. गावातली ढोरे तिथे चरत, बायका गोवऱ्यांसाठी शेण गोळा करीत, मुले बोरे वेचीत, आणि रात्री तेच गायरान कोल्ह्यांचे, सशांचे, तितरांचे होई. दिवसाची पाळी माणसांची आणि रात्रीची जनावरांची, असा तो अलिखित करार होता.

माझे आबा म्हणजे आजोबा गावाचे जागले. शेतातल्या माळ्यावर बसून रात्रभर रखवाली करणे हा त्यांचा धंदा होता. हातात गोफण, जवळ एक कुत्रा आणि गळ्यात दणदणीत आवाज. त्यांना मी एकदा विचारले, "आबा, तुम्ही किती कोल्हे मारले?" ते म्हणाले, "कोल्हाले मारीसन काय करतस बाई? त्याले हुसकाडी लायनं म्हंजे झायं." म्हणजे त्याला हाकलले की पुरे. तो उंदीर खातो, मेलेले जनावर साफ करतो, एखादे खरबूज फोडतो. त्याचे एवढे काय मनावर घ्यायचे, हा त्यांचा हिशेब.

मात्र आबांच्या काळाचे चित्र रंगवताना मला खोटेपणा करायचा नाही. शिकार तेव्हाही होत होती, आणि खानदेशात तर तिचा मोठा इतिहास आहे. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली. वाघांच्या शिकारीत त्याने मोठे नाव मिळवले आणि त्याच शिकारीतून भिल्लांचा विश्वासही मिळवला, असे इतिहासात वाचायला मिळते. ज्या मुलखात एके काळी वाघाची शिकार ही साहेबाची करमणूक होती, तिथेच पोटासाठी तितर-ससे धरणाऱ्या पारध्यांचे पुढे काय झाले? १८७१ च्या कायद्याने देशातील कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारण्याची सोय केली, आणि पारधी जमातही त्या शिक्क्यातून सुटली नाही. तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला गेला. लोकांच्या मनातून तो अजून पुसलेला नाही, हे कोणत्याही गावच्या पाराजवळ पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. साहेबाची शिकार शौर्य ठरली आणि पारध्याची शिकार चोरी ठरली. शिकारीविषयी बोलताना हा भेद आपण विसरता कामा नये.

पुढे कायदे आले. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९७२ साली सगळ्या देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्याच्या मूळ परिशिष्टांत एक यादी उपद्रवी प्राण्यांची होती. तीत कावळा, उंदीर, घुशी यांच्या पंगतीला कोल्हाही बसवलेला होता! म्हणजे ज्याला कोणीही, केव्हाही मारावे असा तो प्राणी होता. नंतर त्याला त्या यादीतून काढून संरक्षण देण्यात आले. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर हौसेची शिकार करण्याची वाटही बंद झाली. आज कायद्याच्या भाषेत 'शिकार' म्हणजे केवळ बंदुकीने मारणे नव्हे. सापळा लावणे, विष घालणे, आमिष ठेवणे, हेही त्यात मोडते. मात्र एक दार उघडे ठेवलेले आहे. एखादे जनावर माणसाच्या जीवाला अथवा उभ्या पिकाला धोकादायक झाले, तर वनखात्याचा अधिकारी त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने रानडुकरे आणि रोही यांच्याबाबत ही परवानगी मिळवण्याची पद्धत सोपी केली.

आता आमच्या ग्रामसभेकडे येते.

त्या साली रानडुकरांनी मक्याची फार नासाडी केली होती. मक्याचे उभे पीक रात्रीतून आडवे झालेले ज्याने पाहिले नसेल, त्याने शेतकऱ्याला दयाबुद्धीचे धडे देऊ नयेत. आमच्या घरची बटाईची दोन एकर शेती आहे. आप्पांनी त्या वर्षी उसनवारीने बी-खत आणले होते. एका सकाळी ते शेतावरून परत आले आणि काही न बोलता ओसरीवर बसून राहिले. आईने चहा पुढे ठेवला, तो तसाच गार झाला.

सभेत एका तरुणाने सूचना मांडली. शहरातल्या काही मंडळींकडे परवान्याच्या बंदुका आहेत. ते फुकट येतील, रात्री गायरानावर बसतील, डुकरे टिपतील. वनखात्याची परवानगी आपण मिळवू. डुकरे दिवसा गायरानातल्या झुडपांतच दडतात, आणि जागा सरकारी, म्हणजे कोणाच्या बांधावरून भांडण नको. सूचनेला टाळ्या पडल्या. एकाने तर कोल्हेही त्यातच उरकून घ्यावेत, कोंबड्या खातात, असे सुचवले. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून माझ्या आईने विचारले, "गोयी कथी थांबस, ते कोन सांगी?"

गोळी कुठे थांबते, ते कोण सांगणार? सभा क्षणभर गप्प झाली. कारण गायरानाच्या एका अंगाला आता तीस-चाळीस घरे आहेत. दुसऱ्या अंगाला शहरातून आलेले बिगरशेतीचे प्लॉट पडले आहेत, त्यांवर बंगले उठू लागले आहेत. पहाटे माणसे त्या बाजूला फिरायला जातात. ज्या माळावर आबांच्या काळी बार उडाला असता तर तो रानात विरला असता, त्याच माळावर आज उडालेला बार कोणाच्या तरी भिंतीत जाऊन बसेल.

हा प्रश्न केवळ आमच्या गावाचा नाही. अमेरिकेत कोल्ह्याचा भाऊबंद असलेला कायोटी नावाचा प्राणी आहे. तिथे लाखो एकर सरकारी जमीन आहे आणि अनेक राज्यांत कायोटीची शिकार वर्षभर करता येते. तरीसुद्धा शहरे वाढत चालल्यामुळे शिकारीला जागा शोधण्याचा प्रश्न तिथल्या शिकाऱ्यांपुढे उभा राहतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात वस्तीच्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. आमच्या गायरानात असा दीडशे यार्डांचा फेरा प्रत्येक घराभोवती आखला, तर बंदूक घेऊन उभे राहायला निंबाखालची जागासुद्धा उरणार नाही. गंमत अशी की इतकी शिकार होऊनही कायोटी संपला नाही. शिकागोसारख्या महानगरात तो ठाण मांडून बसला आहे. आपल्याकडे मुंबईच्या खारफुटीतही कोल्हे तग धरून आहेत. म्हणजे या जातीला माणसाचे वावडे नाही. तिला लपायला थोडे झुडूप आणि बिळाला थोडी माती हवी. तेवढेही आपण ठेवले नाही, तरच ती जाते.

बंदुकीला विरोध करणारा माणूस शेतकऱ्याचा शत्रू, असे कोणी म्हणेल. म्हणून मला एक घरची गोष्ट सांगणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आमची गाय गायरानात चरायला गेली होती. कपिला तिचे नाव. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा लिटर दूध देत असे. माझी बारावीच्या परीक्षेची फी आणि पुस्तके त्याच दुधावर झाली. कोणी तरी डुकरांसाठी कणकेच्या गोळ्यात स्फोटक दारू भरून ती झुडपाखाली ठेवली होती. कपिलाने तो गोळा चावला. आवाज गावापर्यंत आला. मी धावत गेले तेव्हा ती उभी होती आणि तिच्या तोंडाचा खालचा भाग जागेवर नव्हता. डॉक्टर आले, त्यांनी जे शक्य होते ते केले. तिसऱ्या दिवशी ती गेली. ते तीन दिवस तिला पाणीही पिता आले नाही. मी याहून अधिक लिहीत नाही.

गोळा कोणी ठेवला, हे गावात सर्वांना ठाऊक होते आणि कोणीच बोलले नाही. चौथ्या दिवशी पहाटे आमच्या दाराशी कडब्याच्या वीस पेंढ्या कोणी तरी आणून टाकलेल्या दिसल्या. आता घरात गाय नव्हती, कडबा कोण खाणार? आप्पांनी त्या पेंढ्या शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन टाकल्या आणि विषय संपवला. मी चिडले, तेव्हा ते म्हणाले, "त्याना बी मका गयथा ना." त्याचाही मका गेला होता. माझ्या बापाची ही क्षमा मला अजून पचलेली नाही. परंतु त्यातले सत्य मला नाकारता येत नाही. गोळा ठेवणारा राक्षस नव्हता. तो आमच्यासारखाच एक बुडालेला शेतकरी होता. २०२० साली केरळात स्फोटके भरलेले फळ खाऊन एक गाभण हत्तीण मेली, तेव्हा सारा देश हळहळला. आमच्या कपिलेसाठी वर्तमानपत्रात एक ओळसुद्धा आली नाही. ती यायला हवी होती असेही नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, आमिष कोणासाठी ठेवले आहे हे आमिषाला कळत नसते. बंदूकवाला निदान नेम धरतो. स्फोटकाचा गोळा आणि कुंपणात सोडलेली वीज नेमही धरत नाही.

मग करावे काय? इथे मी माझ्याच घराविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नाही तर हा लेख ढोंग ठरेल. आमचे घर गायरानावर आहे. माझ्या जन्माच्या आधी, गावठाणात जागा नाही म्हणून आप्पांनी तिथे चार पत्रे उभे केले. पुढे त्यांच्या भिंती झाल्या. ज्या तीस-चाळीस घरांमुळे गायरान आकसले असे मी वर लिहिले, त्यांतले एक आमचे आहे. ज्या बोरीच्या झाडोऱ्यात कोल्ह्याचे बीळ होते, तिथे आज आमची न्हाणी असेल, असे आबा थट्टेने म्हणतात. त्यांचे म्हणणे एकच: "कोल्हा कोनी मारा नही. त्यानी जागा गयी, म्हनीसन तो बी गया."

सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग यांच्या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी निकाल दिला आणि गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास राज्यांना सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांच्यासाठी अपवादाची वाटही ठेवली आहे. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र सरकारने गायराने राखण्यासाठी निर्णय काढला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. आमच्याही दारावर एक कागद आला. मी घरातली पहिली शिकलेली. तो कागद मीच मोठ्याने वाचला. वाचताना माझा आवाज कापत होता आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होती. आमच्यासारख्यांना गायरान म्हणजे केवळ चराई नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भोगले, ते पडीक सरकारी जमिनींसाठीच. गरिबाचे छप्पर आणि धनिकाचा प्लॉट यांना एकाच शब्दाने 'अतिक्रमण' म्हणणे, हे साहेबाच्या आणि पारध्याच्या शिकारीसारखेच आहे.

तेव्हा गायरानावर आज तीन दावे आहेत. घर नसलेल्याचा, पीक गेलेल्याचा आणि मुक्या जनावराचा. तिघांचेही दावे खरे आहेत. बंदुकीला जागा देण्याने यांतला एकही दावा पुरा होत नाही, असे माझे मत आहे. डुक्कर गायरानात दडते. पण ते पोसले जाते मक्यात आणि उसात. गायरान बंदुकीने साफ केले तर ते नाल्यात दडेल. उलट त्या आवाजाने उरलासुरला कोल्हा, ससा, तितर मात्र कायमचा जाईल.

माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे मला चार गोष्टी सुचतात. पहिली, गायरानाची मोजणी व्हावी आणि तिचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. किती जमीन आहे हेच ज्याला माहीत नाही, तो ती राखणार काय? राहत्या गरिबांची घरे कायम करायची असतील तर ती एकदाच हिशेब करून करावीत, आणि उरलेल्या जमिनीवर पुढे एकही प्लॉट पडू देऊ नये. दुसरी, रानडुकरांबाबत परवानगी द्यायचीच झाली तर ती नुकसान झालेल्या शेतापुरती, ठरावीक रात्रींपुरती आणि वनखात्याच्या माणसाच्या समक्ष असावी. वस्तीपासूनचे अंतर कागदावर लिहिलेले असावे. हौशी मंडळींना त्यात थारा नको. तिसरी, पीक नुकसानीची भरपाई पुढचे पीक पेरण्याआधी हातात पडावी. ती वेळेवर मिळाली असती, तर तो कणकेचा गोळा कदाचित वळलाच गेला नसता. चौथी, रखवालीचे काम पुन्हा सुरू करावे. आबांसारखे जागले, पारधी आणि भिल्ल समाजातील जाणती माणसे यांना जनावराची वाट, वेळ आणि खोड माहीत असते. त्या विद्येला आपण शंभर वर्षे गुन्हा म्हटले. आता तिला पगार द्यावा.

मित्रहो, आपणही काही करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावोगाव रस्ते झाडतो, खड्डे खणतो, समारोपाला फोटो काढतो. एका वर्षी शिबिर गायरानावर भरवू या. हद्दीचे दगड शोधू, झाडे मोजू, बिळे मोजू, म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गोष्टी लिहून घेऊ. २०२४ साली अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने मिरवले. मराठी भाषा टिकावी असे ठराव तिथे झाले असतील. मला वाटते, 'कोल्हेकुई' हा शब्द टिकवायचा असेल तर आधी कोल्हा टिकला पाहिजे.

आमच्या ग्रामसभेतली ती सूचना पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाली आहे. पुढच्या सभेला मी जाणार आहे, आणि आईने विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, असा आग्रह धरणार आहे. आबा आता फार थकले आहेत. संध्याकाळी ते अजूनही गायरानाकडे तोंड करून बसतात. मी विचारले, "आबा, काय ऐकताय?" ते म्हणाले, "काही नही बाई. ऐकू येस का, ते देखी ऱ्हायनू."